लाल खोक्याची परीक्षा

धाकट्या दिराने उतारवयात दुसरं लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न कचेरीत झालं आणि साक्षीदार म्हणून सह्या करायला आम्ही नवराबायको आणि दिराची मुलगी, असे तिघंच गेलो होतो. नवी जाऊ तशी चांगली होती, पण घरात पाऊल ठेवल्याबरोबर तिने पडदे बदलले, आणि त्या पडद्यांवरून तिचं आणि माझ्या पुतणीचं बिनसलं. पुतणी भांडली नाही. रविवार आला की पिशवी उचलून आमच्याकडे यायची आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायची.

पुतणीला घरात सगळे पट्टी म्हणतात. लहानपणी भावंडांत खाऊ वाटायची वेळ आली की ती दप्तरातून फूटपट्टी काढायची. मोठेपणी फूटपट्टी गेली, स्वभाव राहिला. तेव्हा ती सार्वजनिक वाचनालयात कामाला होती. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये त्यांनी नवीन कार्यशाळा काढली होती. तिथे कोणीही यावं, बसावं, हत्यारं वापरावीत, छोटे रोबोट जुळवावेत. वयाची अट नव्हती. रोबोटची खोकी कोणत्या कंपनीची घ्यायची हे ठरवण्याचं काम पट्टीवर होतं.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. कपड्यांच्या कारखान्यात ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि मी त्याच कारखान्यात कॉलरच्या ओळीत बसायची. तिथे सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, तशी मीही म्हणायची. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी घरोघरची मशीनं दुरुस्त करायला घेतली. काही वर्षं बरी गेली. पुढे पुढे लोक शर्ट फाटला की नवा आणायला लागले. शिवणाऱ्या बाईलाच कोणी विचारेना, तिथे तिच्या मशीनला कोण विचारतो?

मिस्त्री घरी बसले. बसले म्हणजे माझ्या मागे लागले. आधी दारांच्या बिजागऱ्या झाल्या, मग डब्यांची झाकणं झाली, मग नळ. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी भाजी कशी चिरते यात ते सुधारणा सुचवायला लागले.

"अहो, जरा बाहेर जाऊन या," मी म्हणायची.

"कुठे?"

"कुठेही."

"कुठेही हे काय ठिकाण झालं? माणसाला सकाळी चप्पल घालून जायला एक जागा लागते. बागेत जाऊन बाकावर बसणं म्हणजे जाणं नव्हे. ते नुसतं उठणं."

तर त्या हॉलमध्ये एक जागा निघणार होती. खोकी दुरुस्त ठेवायची, हरवलेले स्क्रू पुरवायचे, कोणाचं अडलं तर सोडवून द्यायचं. मिस्त्रींना हे पट्टीकडून कळलं आणि त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली. सकाळी केलेली विसरले असावेत.

पट्टीने मात्र आधीच स्पष्ट सांगितलं. "काका, आमच्या मुख्य बाईंची अट आहे. त्या जागेवर जो बसेल त्याने खोकं स्वतः जुळवलेलं पाहिजे. आतला कागद वाचून, कोणाच्या मदतीशिवाय. मला नाहीतरी दोन कंपन्यांची खोकी कोणाकडून तरी जुळवून घ्यायचीच आहेत. तुम्ही बसा. जमलं तर बाईंपुढे तुमचं नाव टाकीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही टाकणार. घरचे म्हणून तर मुळीच नाही."

"असंच पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "पण कागद माझ्याने वाचवत नाही गं आता. बारीक अक्षर म्हणजे मुंग्या दिसतात."

"कागद काकू वाचेल. तेवढं चालतं. पण ती फक्त वाचेल."

मी पन्नाशीला आले तेव्हा अक्षरं शिकले. त्यामुळे मला भरभर वाचता येत नाही. एकेका शब्दाखाली बोट ठेवते आणि जे छापलंय ते सगळं वाचते. मिस्त्रींना ते माहीत होतं. ते म्हणाले, "मग संध्याकाळचा चहा आत्ताच करून ठेव."

त्या रविवारी पट्टी लाल खोकं घेऊन आली. करड्या रंगाचं दुसरं खोकं पुढच्या रविवारी आणणार होती. खिडकीशेजारचं टेबल रिकामं केलं, वर जुनी पांढरी चादर घातली, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. पट्टी एका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसली, मांडीवर लिहायचा पॅड. म्हणाली, "आता मी भिंत आहे. मला काही विचारायचं नाही."

"भिंत चहा घेणार का?" मिस्त्रींनी विचारलं.

"भिंत नंतर घेईल."

खोक्यात काय काय होतं ते सांगते. पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तळ, भोकाभोकांचा. साबणाच्या वडीएवढ्या दोन पिवळ्या मोटरी, त्यांच्या पोटात दातेरी चाकं. रबराच्या धावा असलेली दोन चाकं आणि पुढे टेकायला एक गोळी. तीन सेल बसतील असा डबा. खाली जमिनीकडे बघणारे दोन डोळे, म्हणजे काळ्या रेषेवरून चालताना रेष कुठे आहे ते त्याला दिसावं. आणि एका वेगळ्या चंदेरी पिशवीत हिरवा बोर्ड, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. त्याच्यावर खोबणी, एक बटण आणि एक इवलासा दिवा. या बोर्डाचा हुकूम सगळ्यांनी ऐकायचा. मिस्त्रींनी त्याला लगेच डोकं म्हणायला सुरुवात केली.

मी वाचायला लागले. "अभिनंदन. आपण एका रंजक प्रवासाला सुरुवात करत आहात."

"पुढे."

"लहान भाग गिळू नयेत."

"नाही गिळत. पुढे."

मी पान उलटलं. "हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे."

मिस्त्री थांबले. "कोरं आहे?"

"नाही. त्याच्यावर लिहिलंय की ते कोरं ठेवलंय."

"मग कोरं कसं राहिलं?"

आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत खाली मान घालून लिहीत होती, पण तिचे खांदे हलत होते.

कामाला लागल्यावर मात्र मिस्त्री बोलायचे थांबले. स्क्रू दोन मापांचे होते, डोळ्यांना सारखेच दिसणारे. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात फिरवून बघितले आणि दोन बश्यांत वेगळे केले. डोळे मुंग्या बघत होते, पण बोटांचं काही बिघडलं नव्हतं. मी वाचायची, ते करायचे. "मोटर क्रमांक एक तळाच्या डाव्या बाजूला लावा." लावली. "स्क्रू पूर्ण आवळू नका." त्यांनी हात मागे घेतला. "हे बरं लिहिलंय," म्हणाले. "नवखा माणूस पहिलाच स्क्रू आवळून टाकतो आणि मग दुसऱ्याला भोक सापडत नाही." पट्टीच्या पेनाचा आवाज आला.

दोन्ही मोटरी लागल्या, तेवढ्यात पट्टीचा फोन वाजला. तिचे बाबा होते, म्हणजे माझे धाकटे दीर. आम्हाला पहिलं वाक्य ऐकू आलं. "बाबा, पडद्यांचं मी काहीही म्हटलेलं नाही." मग ती फोन घेऊन जिन्यात गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

मिस्त्रींनी पिवळ्या मोटरीतून बाहेर आलेली दांडी बोटाने फिरवून पाहिली. आत दातेरी चाकं कुरकुरली.

"कोरडी आहेत," ते म्हणाले.

"कागदावर पुढचं आहे, चाकं बसवा."

"बसवतो. पण कोरडी आहेत."

त्यांनी मशीनच्या खणातून तेलाची कुपी काढली. कारखान्यातला त्यांचा नेम होता, मशीन हातातून परत देण्याआधी प्रत्येक सांध्याला एक थेंब. तो चुकला तर त्यांना जेवण जात नसे. मी म्हटलं, "अहो, यात तेलाचं काही लिहिलेलं नाही."

"घालू नका असं लिहिलंय?"

मी मागची दोन पानं बोट ठेवून पुन्हा पाहिली. "नाही."

"मग झालं. जे यंत्र फिरतं त्याला तेल लागतं. हे काही कोणी लिहून सांगत नाही. ताटातलं तोंडात घाला असं लिहितात का कुठे?"

उजव्या मोटरीत त्यांनी तळ आडवा धरून थेंब सोडला. डाव्या मोटरीच्या वेळी हात पोचेना म्हणून तळ उभा केला आणि थेंब वरून सोडला. दांडी पुन्हा फिरवली. कुरकुर गेली. त्यांनी कुपी खणात ठेवली, फडक्याला बोटं पुसली, आणि पट्टी परत आली तेव्हा ते चाकं बसवत होते.

"काय म्हणतात बाबा?" मी विचारलं.

"भिंतीला बाबा नसतात," ती म्हणाली. डोळे जरा लाल होते. मी कागदावरची पुढची ओळ वाचायला घेतली.

मग बोर्डाची पाळी आली. वायरींच्या टोकांना पांढरी बोंडं होती. एक मिस्त्रींनी उलटं बसवायला पाहिलं, ते बसेना. सुलटं केलं, टक् करून बसलं. दुसरं डोळ्यांच्या खोबणीत घालायला पाहिलं, तेही जाईना. "हे ज्याने केलंय ना," ते म्हणाले, "त्याच्या घरात माझ्यासारखा कोणीतरी म्हातारा असणार." बोर्डाच्या कडेला डावी मोटर, उजवी मोटर, डोळे, असं ठळक छापलेलं होतं. ते मी न चाचरता वाचलं. कागदापेक्षा बोर्डावरचं अक्षर बरं होतं.

सेल घालायच्या वेळी माझ्या हातून गोंधळ झाला. चित्र त्यांना दिसावं म्हणून मी कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला, आणि डबा मात्र माझ्या बाजूनेच राहिला. तिन्ही सेल उलटे गेले. मिस्त्रींनी बटण दाबलं. दिवा लागला नाही. मी पट्टीकडे पाहिलं तर तिने पेन दातांत धरलं होतं आणि ती श्वास घेत नव्हती. मिस्त्रींनी झाकण काढलं, सेल चाचपले, तिन्ही फिरवले. पुन्हा बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

पट्टीने श्वास सोडला. "एवढं बोलते आणि पुन्हा भिंत होते," ती म्हणाली. "या चुकीने कितीतरी बोर्ड जळतात. हा जळला नाही. मला हेच बघायचं होतं, आणि मुद्दाम करायला धीर होत नव्हता."

"अगं, मग मला सांगायचंस," मी म्हटलं. "मी अजून करून देते."

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी जोडून पट्टीने जमिनीवर पांढरा रस्ता केला होता आणि त्यावर काळी चिकटपट्टी वर्तुळात लावली होती. मिस्त्रींनी रोबोट माझ्या हातात दिला. कारखान्यातही तसंच होतं. मिस्त्रीने मशीन झालं असं म्हणायचं नाही. बसणाऱ्या बाईने चिंधीवर एक शिवण मारायची आणि तिने म्हणायचं. मी तो रेषेवर ठेवला आणि बटण दाबलं.

चालला. डोकं जरा इकडे, जरा तिकडे करत, रेष हुंगत, अर्धं वर्तुळ व्यवस्थित गेला. मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं. मग डावं चाक मंदावलं. रोबोट डावीकडे ओढला गेला, रेष सुटली, आणि तो घाण्याच्या बैलासारखा एका जागी फिरायला लागला.

उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच, या वेळी लवकर.

मिस्त्री सरळ झाले. "डोकं खराब आहे," ते म्हणाले. "हा बोर्ड. डाव्या बाजूला हुकूम नीट देत नाही."

पट्टीने पेन मांडीवर ठेवलं. मला कळत होतं ती कशाला थांबली आहे. बोर्ड खराब म्हटलं की खोकं बाद. खोकं बाद झालं की मिस्त्रींचा दोष राहत नाही, पुढच्या रविवारी करड्या खोक्यावर त्यांना पुन्हा संधी मिळते. तेवढं लिहिलं की सगळ्यांचं भागत होतं.

पण मिस्त्रींना स्वतःचंच बोलणं पटलं नसावं. त्यांनी रोबोट उचलून टेबलावर पालथा ठेवला, चाकं वर. "जरा थांब," म्हणाले. "कारखान्यात एखादं मशीन टाके सोडायला लागलं की आम्ही शेजारच्या मशीनची बॉबीनची डबी काढून त्यात घालायचो. टाके सुटायचे थांबले तर डबी खराब. नाही थांबले तर मशीन खराब."

त्यांनी डाव्या मोटरीचं बोंड काढून उजव्या खोबणीत लावलं आणि उजव्या मोटरीचं डाव्या. "आता बोर्डात खोट असेल तर उजवं चाक अडेल. मोटरीत असेल तर डावंच अडेल. दाब गं बटण."

मी दाबलं. उजवं चाक भिरभिर फिरलं. डावं फिरलं, अडखळलं, थरथरलं आणि थांबलं.

"बोर्ड चांगला आहे," मिस्त्री म्हणाले. "मोटर गेली."

आता पट्टीने पेन उचललं. "म्हणजे मोटर मुळातच सदोष आली. एका खोक्यात दोन मोटरी, त्यातली एक वाईट. वीस खोक्यांत काय होईल? वाईट वाटतं, कारण बोर्ड छान आहे. पण मग लाल खोकं आम्हाला घेता येणार नाही." आणि ती लिहायला लागली.

मी कागदाकडे बघत बसले. कोरं नसलेलं कोरं पान समोर होतं. तिच्या पाठीमागे काय झालं ते आम्ही दोघांनीच पाहिलं होतं. बोलायचं तर मिस्त्रींनी बोलायचं होतं, आणि न बोलायचं तर तेही त्यांनीच ठरवायचं होतं. मला तेवढंच वाटत होतं की सोमवारी सकाळी हा माणूस पुन्हा माझ्या भाजीच्या पाटापाशी येऊन उभा राहू नये.

मिस्त्रींनी अडलेल्या चाकाची दांडी चाचपली, बोट नाकाशी नेलं.

"पट्टे, खोड ते."

"काय?"

"लिहिलंस ते खोड. मोटर बरी आली होती. तू जिन्यात गेलीस तेव्हा मी तेल घातलं. उभं धरून घातलं, ते आत उतरलं."

पट्टी त्यांच्याकडे पाहत राहिली. "कागदावर होतं?"

"नव्हतं."

"काकू?"

"नव्हतं," मी म्हटलं. "घालू नका असंही नव्हतं."

"काका, या मोटरींना तेल चालत नाही. आत वीज जिथे टेकते तिथे तेल गेलं की संपलं."

"ते मला आत्ता कळलं."

"तुम्ही बोलला नसतात तर मला समजलंही नसतं."

"तुला नसतं समजलं. तू ती करडी खोकी घेतली असतीस, मला त्या जागेवर बसवलं असतंस, आणि पहिल्याच दिवशी मी वीसच्या वीस खोक्यांना तेल घातलं असतं." ते खाली बसले. "आता चहा दे गं कोणीतरी. भिंतीलाही दे."

चहा पिताना पट्टीने सांगायचं ते सांगितलं. लाल खोकं चांगलं, बोर्ड चांगला, कागदात एक ओळ कमी, असं ती लिहिणार होती. आणि मिस्त्रींना रोबोट शेवटपर्यंत चालवता आला नाही, हेही. "नाव टाकता येणार नाही, काका."

"टाकू नकोस."

"रागावलात?"

"तुझ्यावर रागावून काय करू? फूटपट्टीवर कोणी रागावतं का?"

पण रागावले होते. पुढचे कितीतरी दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. करडं खोकं पट्टीने दुसऱ्या कोणाकडून तरी जुळवून घेतलं. त्याचा बोर्ड सेल उलटे घातल्यावर धूर काढून मेला, आणि वाचनालयाने लाल खोकी घेतली. जागा एका तिशीतल्या बाईला मिळाली. ती आधी स्कूटरच्या गॅरेजात कामाला होती.

"स्कूटरवाली," मिस्त्री म्हणाले.

पट्टी म्हणाली, "हॉल सगळ्यांना उघडा आहे, काका. कोणीही येऊन बसतं. तुम्ही या ना."

"शिकायला? त्या स्कूटरवालीपुढे? या वयात?"

"मी नव्हते गेले?" मी म्हटलं. "तुम्ही तेव्हा हसला होतात."

"हसलो होतो. म्हणूनच तर मला माहितीय, बाकीचे कसे हसतात ते."

विषय तिथेच पडला.

ती बिघडलेली मोटर पट्टी आमच्याकडेच टाकून गेली होती. एका सकाळी मिस्त्रींनी ती चाकूच्या टोकाने उघडली. आतल्या बाजूला तांब्याची दोन केसासारखी पाती एका फिरत्या दांड्याला दोन्हीकडून टेकलेली होती आणि तिथे काळा चिखल झाला होता. त्यांनी तो पुसला, पाती वाकवून पुन्हा टेकवली, सेल लावला. मोटर फिरली आणि थांबली. पुन्हा पुसलं, पुन्हा फिरली, पुन्हा थांबली. तीनचार दिवस त्यांचं तेच चाललं होतं. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "पण फिरते तरी का मग? आणि फिरते तर थांबते का?"

"मला काय विचारता? मी कॉलरवाली."

"मग कोणाला विचारू?"

मी कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी मोटरीचे सगळे तुकडे रुमालात बांधले, चप्पल घातली आणि गेले. एवढं एक विचारून येतो म्हणाले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. अंधार पडायच्या बेताला आले. तुकडे रुमालात तसेच होते.

"काय म्हणाली स्कूटरवाली?"

"म्हणाली, काका, ही मेली, फेकून द्या. तोंडाची फटकळ आहे." त्यांनी चप्पल काढली. "पण दुसरी एक उघडून दाखवली. त्या पात्यांना म्हणे ठिणगी लागते सारखी, तेलाने त्याचा कोळसा होतो. कितीही पुसा, दांड्याच्या फटींत राहतोच. हात चांगला आहे बाईचा. स्क्रू आधी बोटात फिरवून बघते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या आठवड्यात रोज गेले, आणि मग रोज जातच राहिले. कधी कधी कागद वाचायला मलाही नेत. तिथे आठवीनववीतल्या पोरी असत, एक निवृत्त झालेले टपालवाले असत, एक बाई बाळाला पाळणाघरात ठेवून येई. टपालवाल्यांशी यांचं रोज भांडण व्हायचं. ते कागदावरची प्रत्येक ओळ पाळत आणि यांचा रोबोट अर्धा झाला तरी त्यांचा पहिला स्क्रू चाललेला असे.

"मिस्त्री, आठवी पायरी तुम्ही सोडलीत," ते म्हणायचे.

"सोडली नाही, तुमच्यासाठी ठेवलीय."

पुढे वाचनालयाने मोठे, हाताने वस्तू उचलणारे रोबोट घ्यायचं ठरवलं तेव्हा पुन्हा दोनचार कंपन्यांची खोकी आली. पट्टी आणि स्कूटरवाली, दोघींनी ती आधी स्वतः जुळवली नाहीत. मिस्त्रींपुढे ठेवली. स्कूटरवालीने त्यांना माझ्यादेखत सांगितलं, "काका, कागदात लिहिलेलं नाही ते सगळं करून बघा. जे जळेल ते जळू दे."

"तेल?"

"तेलसुद्धा."

पगार नव्हता, पद नव्हतं. भिंतीलगतच्या लांब टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांची होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. त्यांनी त्या खेपेला दोन बोर्ड जाळले. तिसरा जळला नाही, तो घेतला.

दिराच्या घरचे नवे पडदे पट्टीला शेवटपर्यंत आवडले नाहीत, पण नवी जाऊ तिला आवडायला लागली. रविवारी मग त्या दोघी मिळून यायच्या.

मिस्त्री पुढच्याच वर्षी मार्चमध्ये, पहिल्या शुक्रवारी दुपारी वारले. छातीचं दुखणं होतं. दवाखान्यात मी होते, पट्टी होती आणि धाकटे दीर होते.